अकराव्या फेरीची उकळी

कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण त्या घरातलं एकही लग्न ट्रॅक्टर उकळल्याशिवाय ठरलेलं नव्हतं.

थाप वाटत असेल तर वाटू द्या. ट्रॅक्टरचं घरातलं नाव किटली. लांब पट्ट्यात नांगर धरला की किटली बरोबर अकरा फेऱ्या मारायची आणि बाराव्या फेरीच्या तोंडाशी टोपणाखालून वाफ सोडायला लागायची. तिला पाण्याचा पंपच नव्हता. जुनी बनावट. इंजिनापाशी तापलेलं पाणी आपल्या पायांनी वर चढणार, रेडिएटरच्या जाळीतून गार होत खाली उतरणार आणि पुन्हा इंजिनाकडे जाणार. हलक्या कामाला हे चालून जायचं. नांगर खोल रुतला की पाण्याला ती घाई झेपायची नाही. मग इंजिन बंद करायचं आणि टोपणाला हात लावता येईपर्यंत पाऊण तास बांधावर बसायचं. तोवर घरून चहा यायचा, चहामागून माणसं यायची आणि बोलणी व्हायची. या थांब्याला घरात 'उकळी' म्हणत. "उकळीला बोलू," असं कुणी म्हटलं की विषय साधा नाही हे सगळे समजून घेत.

घरातले वडीलधारे आबा; त्यांच्या बहिणीने, अक्कांनी, लग्न करणार नाही हे उकळीलाच जाहीर केलं. आबांच्या मुलाने बोटीवर इंजिनिअर म्हणून जातोय हे उकळीलाच सांगितलं. आबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांची जमिनीची वाटणीही तिथेच झाली, आणि आवाज न चढवता झाली, कारण रागाने उठून जायचं म्हटलं तर तापलेला ट्रॅक्टर शेताच्या मधोमध टाकून जाणार कुठे?

"मागच्या पन्नास वर्षांत या घरात जे काही शहाणपण आलं," आबा सांगायचे, "ते सगळं त्या रेडिएटरच्या भोकांतून आलं."

तर शेडचा प्रश्नही उकळीलाच निघाला.

शेड मोठी होती, पत्र्याची, दोन दारांची. थोरल्या भावाच्या पश्चात तिचं काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. आबांच्या पुतण्याचं गावात बियाण्यांचं दुकान. त्याला पोती ठेवायला जागा हवी होती. आबांच्या नातीला तिथे जुनी यंत्रं दुरुस्त करायचा कारखाना काढायचा होता. ही नात चार वर्षं शहरातल्या एका गॅरेजात काम करत होती आणि तिथला मालक तिला तेल बदलण्यापलीकडे कशाला हात लावू देत नव्हता. घरात तिला सगळे 'मिस्त्री' म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, मग सवयीने. आता तिच्या नावाने हाक मारली तर तीच मागे वळून बघायची नाही.

"कारखाना काढशील," पुतण्या बांधावर चहा ओतत म्हणाला होता, "पण घरातला एक ट्रॅक्टर अकरा फेऱ्यांवर दम टाकतो, तो आधी नीट कर. मग लोकांचे बघ."

"केला तर?"

"केलास तर शेड तुझी. माझी पोती मी डोक्यावर घेऊन बसतो."

"आणि नाही झाला तर?"

"मग तू शहरात, पोती शेडमध्ये."

अक्का गणित शिकवून निवृत्त झालेल्या. हवेतलं बोलणं त्यांना खपत नसे. त्यांनी तिथल्या तिथे नियम सांगितले. "सकाळी सात ते दुपारी बारा. पूर्ण लांब पट्टा नांगरायचा. मधे इंजिन बंद करायचं नाही. रेडिएटरच्या टाकीतून पाणी बाहेर आलं तर किटली उकळली असं धरायचं. मान्य?"

दोघांनी मान हलवली. आबांनी कपात बघितलं. मिस्त्री शहरात परत गेली तर घरात त्यांचं ऐकणारं कुणी उरणार नव्हतं. बाकीचे ऐकत, पण एक पाय दाराबाहेर ठेवून. ही पोरगी मात्र एकाही शब्दावर विश्वास ठेवायची नाही आणि तरीही विचारायची, "मग पुढे?" म्हाताऱ्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

महिनाभर किटली शेडमध्ये उघडी पडून होती. मिस्त्रीने रेडिएटर उतरवला, उलट्या बाजूने पाण्याचा फवारा मारला, तर जाळीच्या पाकळ्यांतून भुसा, पिसं आणि गवताचं बी बाहेर आलं. मग इंजिनाच्या पोटातले पाण्याचे रस्ते धुवायला काढले. पहिल्यांदा गंजाचा चिखल आला. मग आणखी चिखल. तिसऱ्या बादलीनंतर तिने आबांना हाक मारली.

"आबा, याच्यात कुणी काय काय घातलंय?"

"का गं?"

"कोंडा आहे. मोहरी आहे. आणि हे काय, अंड्याचं टरफल?"

आबांनी आठवल्यासारखं केलं. गळती थांबवायला ज्याने जे सांगितलं ते घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने, दुसऱ्याला न सांगता, आत सोडलं होतं. कोंडा त्यांच्या वडिलांचा, मोहरी थोरल्या भावाची.

"अंडं तुमचं," मिस्त्री म्हणाली.

"अंडं माझं. पण त्या वर्षी टाकीतून एक बेडूकही निघाला होता, ते कुणी सांगितलं तुला? चांगला मुठीएवढा. इंजिन चालू असताना आत पोहत होता. गरम पाण्याने त्याची कातडी इतकी गुळगुळीत झाली होती की..."

"बेडूक हौदात होता," दारातून आवाज आला. "टाकीत नव्हता. आणि मुठीएवढा नव्हता, अंगठ्याएवढा होता."

दारात वहिनी उभ्या होत्या. थोरल्या भावाच्या पत्नी, म्हणजे पुतण्याची आई. आबांच्या गोष्टींचा खोडरबर. चव्वेचाळीस वर्षं त्या घरात होत्या आणि तितकीच वर्षं आबांच्या प्रत्येक गोष्टीतला आकडा, रंग आणि वार दुरुस्त करत आल्या होत्या. त्यांना गोष्टीचा राग नव्हता. चुकीचा तपशील मात्र त्यांना दाढेत अडकलेल्या शेंगदाण्यासारखा छळायचा.

"वहिनी, तुम्ही नसतात तर मी केवढा मोठा माणूस झालो असतो."

"मी नसते तर तुमचा बेडूक एव्हाना म्हशीएवढा झाला असता, भाऊजी," असं म्हणून त्या निघून गेल्या.

मिस्त्रीने जाळी नवी बसवून आणली. जाड पट्टी कापून, भोकं पाडून नव्या पाण्याच्या पंपाची बैठक स्वतः केली. पंप एका मोडीत काढलेल्या मोटारीचा. तो फिरवायला फॅनचा जुना पट्टा पुरेना, म्हणून लांब पट्टा आणला. तो ताणून बसवल्यावर तिने आबांचा अंगठा धरून पट्ट्यावर दाबला.

"अर्धा इंच आत गेला पाहिजे. जास्त सैल ठेवला तर घसरतो, जास्त घट्ट ठेवला तर पंपाचं बेअरिंग खातो. दर महिन्याला असंच बघायचं."

"अंगठा माझाच लागेल का?"

"तुमचाच. त्याच्यावर माप धरलंय."

रबरी नळ्या नव्या, त्यांच्या क्लिपा नव्या. डॅशवर तापमानाचा काटा, जो किटलीला कधीच नव्हता. इतकी वर्षं तापमान कळायचं ते वाफेवरून. वरची टाकी मात्र जुनीच ठेवावी लागली. ओतीव लोखंडाची होती, दाब सोसला नसता, म्हणून टोपणही साधंच राहिलं. साध्या पाण्याऐवजी निम्मं शुद्ध पाणी आणि निम्मं कूलंट, हिरवंगार. ते भरून झाल्यावर शनिवारी संध्याकाळी तिने सगळ्यांना टाकीत डोकावायला लावलं.

"बघून घ्या. गळ्यापासून दोन बोटं खाली आहे. तापल्यावर पाणी फुगतं, त्याला ही जागा. कमी दिसतंय म्हणून कुणी भरायला जाऊ नका."

"रंग छान आहे," अक्का म्हणाल्या.

"आम्ही कशाला भरतोय," पुतण्या म्हणाला.

वहिनींनीही डोकावून बघितलं.

रविवारी बरोबर सातला अक्कांनी घड्याळ बघून हात खाली केला. मिस्त्रीने नांगर सोडला आणि किटली निघाली. पहिल्या दोन फेऱ्या कुणी बसलंच नाही. तिसऱ्या फेरीला पुतण्याने घरून खुर्च्या आणल्या, स्वतःसाठी एक आणि आईसाठी एक, मग लाजून परत गेला आणि आणखी दोन घेऊन आला. माणूस वाईट नव्हता. पोती मात्र खरोखरच अंगणात होती आणि उंदीर त्यांना कुरतडत होते.

सातवी झाली. नववी झाली. दहाव्या फेरीला वहिनी उठल्या आणि चहा टाकायला घराकडे गेल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पायांनाच ठाऊक होतं. अकराव्या फेरीला त्या थर्मास आणि कप घेऊन बांधावर हजर. सगळ्यांनी कप हातात घेतले आणि किटलीकडे बघत राहिले.

किटली आली, समोरून गेली आणि बारावीला वळली. मिस्त्रीने जाता जाता काट्याकडे बोट केलं. ऐंशीच्या जरा वर.

चहा कपात राहिला. पन्नास वर्षं या क्षणाला तोंड उघडायची सवय, आणि आज उकळीच नाही.

"मग आता," अक्का म्हणाल्या, "आपण एकमेकांशी बोलायचं कधी?"

"कशाबद्दल बोलायचंय?" पुतण्याने विचारलं.

"कशाबद्दल नाही रे. पण बोलायचं असलं तर?"

आबा खुशीत होते, आणि ती खुशी लपवायला त्यांनी पंपाला नावं ठेवायला सुरुवात केली. "आमच्या वेळी पाणी आपल्या अकलेने वर चढायचं. आता त्याला ढकलायला माणूस ठेवलाय. आळशी होईल ते पाणी."

"तुमच्या वेळी ते अर्धं आकाशात जायचं," पुतण्या म्हणाला, आणि सगळेच हसले, तोही हसला. मग अक्कांनी त्याच्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं, आबांनी अक्कांच्या गुडघ्याचं, आणि बोलणं सुरू झालं. किटली बांधाशेजारून जात होती, येत होती. वाफेची वाट न बघताही माणसांना बोलता येतं, हे त्या दिवशी घराला पहिल्यांदा कळलं.

बाराला पाच मिनिटं कमी असताना नांगराची शेवटची रेघ पूर्ण झाली. मिस्त्रीने नांगर उचलला, किटली बांधापाशी आणून उभी केली आणि इंजिन चालूच ठेवून खाली उतरली. काटा तिथेच. अक्कांनी घड्याळ बघितलं आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबा," पुतण्या म्हणाला.

तो समोर वाकला होता. जास्तीचं पाणी सोडणारी जी बारीक नळी रेडिएटरच्या बाजूने खाली येते, तिच्या तोंडाखाली पुढच्या आसावर एक हिरवा ओघळ होता. धूळ बसून वाळलेला.

"हे काय आहे?"

मिस्त्री वाकली. तिने ओघळावर बोट फिरवलं, वास घेतला. तिचा चेहरा उतरला. "कूलंट आहे."

"म्हणजे पाणी बाहेर आलं."

"उकळून नाही आलं, काका. काटा नव्वदलाही पोचला नाही एकदाही. हे सकाळीच आलंय, तापताना. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असली तरच येतं असं."

"तू दोन बोटं कमी भरली होतीस ना?"

"मी कमीच भरली होती. नंतर कुणीतरी पाणी ओतलंय वरून."

"असं तू म्हणतेस." पुतण्याचा आवाज कडक नव्हता. उलट त्याला अवघडल्यासारखंच झालं होतं. "पण अक्का, तुम्ही म्हणाला होतात, पाणी बाहेर आलं तर उकळली असं धरायचं."

अक्कांनी वाकून ओघळ स्वतः बघितला. "म्हणाले होते खरी," त्या म्हणाल्या. "आणि नियम मीच मोडायला लागले तर झालंच. पण कुणी वरून पाणी ओतलं असेल तर तो ओतणाऱ्याचा दोष. मग यंत्र पास." त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "किटलीत रोज पाणी कोण भरतं?"

प्रश्न साधा होता. पुतण्या आठवायला लागला. अक्काही. टाकी सकाळी भरलेली असायची. जशी घरात सकाळ झालेली असायची तशीच. कोण भरतं, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"कुणी ओतलं?" अक्कांनी पुन्हा विचारलं.

मिस्त्री हात पुसायला घेतलेला चिंधीचा बोळा नुसती दाबत राहिली.

आता सकाळची एक गोष्ट सांगायला हवी. साडेपाचला आबा खिडकीपाशी दात घासत होते. झारी घेऊन शेडकडे जाणाऱ्या वहिनींना त्यांनी बघितलं होतं. झोपेत चालणारा माणूस जसा बरोबर आपल्या दारापाशी पोचतो, तशा त्या किटलीपाशी पोचल्या. टोपण काढलं, आत बघितलं, झारी वाकवली, टोपण लावलं आणि परत आल्या. कालचं बोलणं त्यांना त्या वेळी आठवलंही नसावं. नंतर केव्हातरी आठवलं असणार, कारण सकाळपासून त्यांनी चहा सोडून दुसऱ्या कशाचं नाव घेतलं नव्हतं.

आबांना हेही ठाऊक होतं की वहिनी खोटं बोलत नाहीत. गप्प बसतात. दोन्हींत फरक आहे असं त्या मानायच्या, आणि आज एका बाजूला मुलगा होता. आबांनी "वहिनींनी ओतलं" असं सांगितलं असतं तर ऐकणार कोण? ज्याने इंजिनात बेडूक पोहवला त्याची साक्ष. शिवाय भरल्या बांधावर वहिनींकडे बोट दाखवायचं, हे आबांच्याने झालं नसतं.

म्हणून आबांनी घसा साफ केला.

"मीच ओतलं," ते म्हणाले.

"आबा," मिस्त्री हळूच म्हणाली, "उगाच काहीतरी."

"उगाच नाही. ऐकून तर घ्या. पहाटे चारला उठलो."

वहिनींची भुवई जराशी हलली. आबा पहाटे चारला उठल्याचं त्या घराने पाहिलं नव्हतं.

"उठलो आणि मनात आलं, किटली तहानलेली असेल. मोठी बादली घेतली. विहिरीवर गेलो."

"विहिरीवर कशाला," वहिनी पुटपुटल्या. "शेजारी नळ आहे."

"विहिरीचं पाणी गोड असतं, वहिनी, तुम्हाला नाही कळायचं. तर बादली भरली, शेडमध्ये आलो, टोपण काढलं आणि सगळी बादली एका दमात आत."

"सगळी बादली?" पुतण्या म्हणाला. "काका, दोन बोटांच्या जागेत?"

"किटली पीत होती रे. मी ओततोय, ती पितेय." आबा आता रंगात आले होते. त्यांची नजर पुतण्यावर होती, पण कान दुसरीकडे. "आणि बादलीने ओतताना एक थेंब सांडला नाही. सवय लागते त्याला. रोज पहाटे, ऊन असो, थंडी असो, घरात आजारपण असो. थोरला भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा आधी किटलीला पाणी घातलं आणि मग रडायला बसलो. चव्वेचाळीस वर्षं हा एक नेम मी चुकवलेला नाही. कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. म्हटलं, कशाला सांगायचं."

वहिनींनी कप खाली ठेवला. सरळ मातीतच ठेवला.

"आणि ओतून झालं की टाकीवर दोन थापा मारायच्या," आबा म्हणाले, "म्हणजे आतली हवा वर येते. ही युक्ती माझी."

"खोटं," वहिनी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"धडधडीत खोटं बोलताय, भाऊजी. तुम्ही जन्मात एक झारी घातली नाही तिच्यात. ती युक्ती माझी आहे, त्या थापा माझ्या आहेत, आणि हे गेले त्या दिवशी पाणी मी घातलं होतं. आज सकाळीही मीच घातलंय."

"मग यंत्र पास, शेड मिस्त्रीची," अक्का म्हणाल्या, आणि आबांनी वहिनींची ही दुरुस्ती हसत मान्य केली.